खसखशीचा जबाब

कडक कायदा मंजूर झाला त्या दिवशी नाशिकच्या मालिनीबाई अमृतकरांनी सगळ्या सोसायटीत पेढे वाटले. लोकांना वाटलं, बाईंना नातू झाला.

"नातू कसला! कायदा झाला, कायदा," असं त्या दारोदार सांगत गेल्या.

"कडक कायदा" हे अर्थात लोकांनी ठेवलेलं नाव. खरं नाव चांगलं दीड ओळीचं होतं आणि ते फक्त वकिलांना पाठ होतं. राज्यात नशेच्या गोळ्यांचा सुळसुळाट झाला, चांगल्या घरांतली पोरं गटारीच्या कडेला सापडू लागली, तेव्हा विधानसभेने तो एकमताने मंजूर केला. बाळगणाऱ्याची शिक्षा दुप्पट झाली. विकणाऱ्याला किमान दहा वर्षं. आणि नुसतं देणं हेही विकणंच धरलं गेलं, मग हातात पैसे पडोत वा न पडोत. जामिनाचा प्रश्नच नव्हता.

मालिनीबाईंना हा कायदा हवा होता, त्याचं कारण त्यांच्या घरातच होतं. एकुलती एक मुलगी केतकी, बँकेत नोकरीला. तिचा नवरा निनाद कोठावदे अंबडच्या एका औषधांच्या गोदामावर देखरेखीला होता. मुलगा सरळ, हसरा, घरच्यासारखाच वाणी समाजातला. मालिनीबाईंनी स्वतः पाहून पसंत केलेला. मग मोटरसायकलवरून पडून त्याची कंबर दुखावली. डॉक्टरांनी दुखण्यावर गोळ्या दिल्या. पुढे दुखणं गेलं आणि गोळ्या राहिल्या. केतकीच्या डोक्यावर हात ठेवून त्याने शपथ घेतली, मोडली, परत घेतली, परत मोडली. शेवटी गोदामातल्या गोळ्या त्याने स्वतः तर खाल्ल्याच, पण तशीच सवय लागलेल्या दोघा सोबत्यांनाही दिल्या, आणि पकडला गेला. केतकीने त्याला सोडलं नाही. मालिनीबाईंनी मात्र त्या दिवसापासून जावयाचं नाव तोंडातून काढलं नाही. बोलायची वेळ आलीच तर "तुझा तो" असं म्हणायच्या.

कायद्याच्या मसुद्यावर जिल्ह्याजिल्ह्यात सुनावण्या झाल्या होत्या. नाशिकच्या सुनावणीत एका वकिलाने शंका काढली, की खसखशीतही मॉर्फिनचा अंश असतो. साधं सणाचं जेवलेला माणूस यात सापडला तर काय करायचं? त्यावर मालिनीबाई उठल्या. नवरा गेल्यावर दहीपुलाजवळचं किराणा दुकान त्यांनी एकटीने चालवलं होतं. माइक हातात घ्यायची सवय नव्हती, पण त्यांच्या आवाजाला माइकची गरजही नव्हती.

"उभा जन्म मी किराण्याच्या गादीवर काढला," त्या म्हणाल्या. "खसखस खाऊन झिंगलेला एक माणूस मला आणून दाखवा, दुकान तुमच्या नावावर करते. अहो, हे निमित्त आहे! हे दार उघडं ठेवलंत तर सगळे चोर त्यातूनच बाहेर पडतील."

टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पुढे कायद्यात कलम घातलं गेलं, की खसखशीचं निमित्त नुसतं सांगून चालणार नाही. ज्याने खसखस दिली त्याने स्वतः हजर होऊन तसा जबाब द्यायचा, आणि दिल्याबद्दलचा गुन्हाही अंगावर घ्यायचा. हे काही एकट्या मालिनीबाईंमुळे झालं नव्हतं. पण त्यांनी तसं मानायला कोणाची हरकत नव्हती.

त्याच कलमाने खसखशीची किरकोळ विक्रीही बंद झाली. अफूच्या बोंडासकट माल आणून काळे धंदे करणाऱ्यांना आळा बसावा म्हणून दुकानदारांनी साठा जमा करायचा होता. मालिनीबाईंनी पोती इमानदारीने जमा केली आणि एक बरणी घरी ठेवली. तीन वर्षांनी अधिक महिना येईल, तेव्हा अनारशाला काय माती लावायची? कायदा चोरांसाठी असतो, अनारशांसाठी नसतो, असा त्यांचा सरळ हिशेब होता. पुढे दुकान विकलं, त्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या, बरणीही सोबत आली.

निनाद शिक्षेतली काही वर्षं बाकी असताना सुटला तो निगराणीवर. म्हणजे त्याच्या घरी, संडासाच्या पाइपवर, एक डबी बसवली गेली. अशा डब्या शहरात आता बऱ्याच घरांत होत्या. सरकारी नाव "रेणुदक्ष". लोक तिला चहाडखोर म्हणायचे.

डबी साबणाच्या वडीएवढी. तिच्या आत सोन्याचा पातळ मुलामा दिलेली एक चकती, आणि चकतीवर डीएनएचे लाखो बारीक धागे उभे केलेले. धागे प्रयोगशाळेत असे निवडून घेतलेले, की ते स्वतःभोवती वळून एक खाच तयार करतात आणि त्या खाचेत मॉर्फिनचाच रेणू बसतो. साखर, मीठ, चहातलं कॅफिन, रोजची औषधं शेजारून वाहून जातात. मॉर्फिन आलं की धागा त्याला कवटाळतो, कवटाळताना आकसतो, आणि आकसला की चकतीतून जाणाऱ्या विजेत फरक पडतो. भरल्या बादलीत चिमटीचा हजारावा भाग असला तरी पुरतो. तसं झालं की डबीवरचा दिवा हिरव्याचा लाल होतो, केंद्राला संदेश जातो, आणि त्या पाण्याचे काही थेंब आपोआप एका कुपीत बंद होतात. पुरावा म्हणून.

डबी खोटं बोलत नसे, हे तिचं मोठेपण. मॉर्फिन कुठून आलं हे मात्र तिला कळत नसे. गर्दुल्ल्याच्या पुडीतलं, हॉस्पिटलच्या सुईतलं किंवा आणखी कशातलं, शेवटी लघवीत उतरतं ते मॉर्फिनच. डबीला तेवढंच ओळखायला शिकवलं होतं.

निनाद सुटून वर्ष होत आलं. सातपूरला एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात तो कामाला लागला होता. सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा. दिवा हिरवा राहिला. मग अधिक महिना लागला.

"आई, निनादला जेवायला बोलाव ना," केतकी म्हणाली. "मागच्या अधिकात तो आत होता."

"सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, केतकी."

"एक जेवण घालायला सांगतेय, आई. घर त्याच्या नावावर करायला नाही."

दोन दिवस गेले. मग मालिनीबाईंनी तांदूळ भिजत घातले. मुलीच्या हट्टापायी करतेय, असं त्या शेजारणीला म्हणाल्या. पण भिजवलेले तांदूळ पंचावर वाळवले, कुटले, गुळात मळले, पीठ डब्यात दाबून ठेवलं, आणि रोज उघडून वास घेऊन पाहिला. मन लावल्याशिवाय कोणी एवढं करत नाही. अनारसा थापताना खाली खसखस पसरावी लागते. त्यांनी बरणी काढली. तुपात अनारशाला जाळी अशी पडली की त्यांनाच आपलं कौतुक वाटलं.

जेवणाला निनाद आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, जरा अवघडून. चौरंगावर बसला. मालिनीबाईंनी त्याला कुंकू लावलं, ओवाळलं, तांब्याच्या ताटात तीस-तीन अनारशांचं वाण दिव्यासकट हातात दिलं. जावई या महिन्यात विष्णूच्या जागी असतो. कसा का असेना, रीत ती रीत. पानात धोंडे, कटाची आमटी, आणि वर दोन अनारसे.

निनादने अनारसा हातात घेतला आणि थांबला. "आई, ही खसखस आहे ना?"

"मग काय! वाण्याच्या घरचा अनारसा आहे. खा."

तो क्षणभर पाहत राहिला. मग खाल्ला. दुसराही खाल्ला.

"अजून घ्या," मालिनीबाई म्हणाल्या, आणि म्हणताना आपण "घ्या" म्हणालो हे त्यांच्या ध्यानात आलं. इतक्या वर्षांत त्या त्याच्याशी मानाने बोलल्याच नव्हत्या. हात मागे घेण्यापेक्षा त्यांनी तो पुढेच नेला. "घ्या हो निनादराव, लाजता कशाला? जावयाने सासूच्या हातचं नाही म्हणायचं नसतं." आणि आणखी दोन वाढले. निनादने तेही खाल्ले, आणि मान खाली घालून म्हणाला, "फार छान झालेत." केतकीला पित्तामुळे तळलेलं चालत नसे, ती नुसती बसून दोघांकडे पाहत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लाल झाला.

केतकीचा फोन आला तेव्हा मालिनीबाई देवपूजा करत होत्या. केंद्राची माणसं आली, कुपी काढून घेतली, निनादला निगराणी गृहात घेऊन गेली. सगळं सभ्यपणे झालं, कोणी आवाज चढवला नाही. कायद्याने उरलेली शिक्षा तर भोगायचीच, वर निगराणी मोडल्याच्या नव्या गुन्ह्याची दहा वर्षं.

"आई," केतकी म्हणाली, "तू अनारशाला जुनीच खसखस लावली होतीस का?"

"खसखशीने काही होत नाही, हे मी भर सभेत सांगितलंय. आणि ती तुपात तळलेली! उगाच त्याला निमित्त शोधून देऊ नकोस."

"त्यालाही मी तेच विचारलं, जाताना. तोही म्हणाला, अनारशाचा काही संबंध नाही."

"बघ! तोच सांगतोय." मालिनीबाईंनी देवापुढची निरांजनं शांत केली. त्यांना वाईट वाटलं, मुलीसाठी फारच वाटलं. पण त्याखाली एक समाधानही होतं, आपण म्हटलं होतं ते खरं निघाल्याचं. ते समाधान त्यांना स्वतःलाही आवडलं नाही. तरी ते होतंच.

"तू इकडे ये राहायला," त्या म्हणाल्या. "बारा-तेरा वर्षं कोणाची वाट बघणार आहेस?"

"आधी माझ्याबरोबर केंद्रात चल," केतकी म्हणाली. "नातेवाइकांना बोलावलंय. मला एकटीला नाही जमणार."

केंद्र त्र्यंबक रस्त्यावर होतं. पांढरी बैठी इमारत, पुढे बोगनवेल. आतमध्ये डॉ. नाझनीन तांबोळी नावाच्या रसायनशास्त्रज्ञ बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी दोघींना चहा मागवला.

"गोळी कोणती होती, तेवढं तरी कळलं का?" मालिनीबाईंनी विचारलं.

"गोळी होती असं आम्ही अजून म्हटलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "डबीने मॉर्फिन सांगितलं. त्याच्यापुढचं डबीला सांगता येत नाही, आमच्या मोठ्या यंत्राला येतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं, अगदी शाळेतल्या बाईंसारखं. अफूच्या बोंडाचा चीक निघतो. त्या चिकात मॉर्फिन असतं, आणि त्याच्या सोबतीला थेबाइन नावाचा दुसरा एक पदार्थही असतो. गोळ्यांसाठी, इंजेक्शनांसाठी मॉर्फिन शुद्ध करतात तेव्हा थेबाइन वेगळं काढलं जातं. हेरॉइन बनवतानाही ते उरत नाही. पण खसखस म्हणजे त्याच बोंडातलं बी. बियांच्या आत काही नसतं. वर चिकाची बारीक धूळ बसलेली असते. म्हणून खसखस खाल्लेल्याच्या लघवीत मॉर्फिनबरोबर थेबाइनचाही माग सापडतो, गोळी खाल्लेल्याच्या सापडत नाही. मोठं यंत्र रेणूचे तुकडे करून त्यांचं वजन करतं, त्यामुळे त्याला हा फरक कळतो.

"म्हणजे खसखशीने डबी लाल होते?" मालिनीबाईंनी विचारलं.

"होते की. धुतलेली खसखस असेल तर नाही होणार. न धुतलेली असेल तर तीन-चार अनारशांनीही होईल."

"पण माणूस झिंगत तर नाही!"

"नाही झिंगत. डबी झिंग मोजत नाही, आजी. रेणू मोजते."

मालिनीबाईंनी कप खाली ठेवला. उभ्या जन्मात त्यांनी कधी खसखस धुऊन विकली नव्हती. धुतली तर वजन कमी भरतं आणि कीड लागते.

"मग तपासा ना!" केतकी उठलीच. "अजून कुपी आहे ना तुमच्याकडे?"

"आहे. नमुना आठवडाभर टिकतो. पण तो फोडायला मला परवानगी लागते. देणाऱ्याचा जबाब हवा, घेणाऱ्याचाही हवा, आणि दोन्ही जुळायला हवेत. पूर्वी जो येई तो खसखशीचंच नाव घेई, म्हणून ते कलम आलं." हे कलम समोरच्या बाईंना किती चांगलं माहीत आहे, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. "आम्ही निनाद यांना नियमाप्रमाणे विचारलं, खसखस खाल्ली का? ते नाही म्हणाले. मला चेहरा बरा वाटला म्हणून मी दुसऱ्यांदा विचारलं. तरी नाहीच."

मालिनीबाईंनी मनात हिशेब मांडला.

नाही कसं? चार खाल्ले होते. त्यांनी स्वतः वाढले होते, आणि त्याने विचारलंही होतं, ही खसखस आहे ना म्हणून. सुटकेची एवढी सोपी वाट समोर असताना माणूस खोटं बोलून ती बंद का करेल? गोळ्या खाणारा तर आधी तीच वाट धरेल. याच भीतीने तर त्यांनी सभेत भाषण ठोकलं होतं. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न काय आला असता? कुणी दिली?

त्या उठल्याच.

"मला त्यांना भेटायचं आहे," त्या म्हणाल्या.

भेटीची खोली लहान होती. एक टेबल, चार खुर्च्या, कोपऱ्यात कॅमेरा. निनाद उभा होता. कालचाच इस्त्रीचा शर्ट, आता चुरगळलेला.

"आई, तुम्ही कशाला आलात इथे?"

"खसखस खाल्ली नाही म्हणून का सांगितलंत?"

निनाद केतकीकडे पाहायला लागला.

"तिच्याकडे नका बघू. मी विचारतेय."

"पुढच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं नव्हतं," तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्या नावावर एक खटला आहेच, अजून एक चढेल. तुम्हाला या वयात कशाला?"

"तुम्हाला माहीत होतं? पानावर बसला होतात तेव्हा?"

"सुटताना तक्ता वाचून दाखवतात, काय काय खायचं नाही त्याचा. खसखस पहिलीच आहे."

"मग खाल्लेत कशाला?" मालिनीबाईंचा आवाज चढला. "तोंड नव्हतं? नको म्हणायचं! सांगायचं, मला चालत नाही!"

"म्हणणार होतो. पहिला खाल्ला तेव्हा वाटलं, एकाने काय होतंय." तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होता. "मग तुम्ही 'घ्या' म्हणालात. 'निनादराव' म्हणालात. मला परत कोणी तसं म्हणेल असं वाटलं नव्हतं, आई. त्यानंतर नको म्हणवलं नाही. चुकलंच माझं."

केतकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मालिनीबाई खुर्चीत बसल्या. त्यांना रडू येत नव्हतं, नुसती लाज वाटत होती, आणि ती बराच वेळ वाटत राहिली. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. ते जळावं म्हणून काडी लावणाऱ्यांत आपण होतो, वर पेढेही वाटले होते.

"बरं," त्या शेवटी म्हणाल्या. "मी जबाब देते. डॉक्टरांना बोलवा."

डॉ. तांबोळी आल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा डोळ्यांवर ओढला. "आजी, आधी सगळं ऐका. थेबाइन मुळात थोडं असतं. तुमची खसखस जुनी, त्यात तळलेली. यंत्राला सापडेलच असं मी सांगू शकत नाही. सापडलं नाही, याचा अर्थ खसखस नव्हती असा होत नाही. पण कायदा तोच अर्थ घेतो. मग तुमचा जबाब खोटा ठरेल आणि गुन्हेगाराला पाठीशी घातलं म्हणून तुम्हीही आत जाल. दिलेला जबाब मागे घेता येत नाही."

"आणि सापडलं तर?"

"तर हे सुटतील. दिल्याचा गुन्हा तुमच्यावर राहील, पण खसखशीपुरती न्यायाधीशांना सूट देता येते."

निनाद म्हणाला, "आई, नका देऊ. माझ्या शब्दाची किंमत तुम्हाला माहीत आहे. मी केतकीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललेला माणूस आहे. माझ्यावर काय म्हणून एवढं लावता?"

हे मात्र खरं होतं. मालिनीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. अनारशांच्या आडून आणखीही काही घेतलं असेल का, हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच. इतक्या वर्षांचा संशय एका सकाळीत जात नाही. डबीला विचारून उपयोग नव्हता. मोठ्या यंत्राचाही भरवसा नव्हता. समोर नुसता एक माणूस होता, सुटायची वाट असताना तिच्यावर पाय न ठेवणारा.

"फक्त अनारसेच ना?" त्यांनी विचारलं.

"फक्त अनारसेच."

"शपथ नको घेऊस हं," केतकी घाईने म्हणाली.

"नाही घेत," निनाद म्हणाला.

मालिनीबाई कॅमेऱ्याकडे वळल्या आणि पदर सारखा केला. "मी मालिनी दत्तात्रय अमृतकर. खसखस माझी. जमा करायची होती, मी केली नाही, घरात ठेवली. ती मी माझ्या जावयाला अनारशातून खायला घातली. त्यांनी मागितली नव्हती. मी आग्रह करून घातली. झालं? एवढंच लागतं ना?"

"एवढंच," डॉक्टर म्हणाल्या.

"मी नाही देणार जबाब," निनाद म्हणाला.

मालिनीबाई उठून त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याच्या खांद्यालाही त्या पोचत नव्हत्या.

"ऐका आता. माझं सांगून झालं, मागे घेता येत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर कुपी फुटणार नाही, तुम्ही आत जाल आणि तुमच्या पाठोपाठ मीही. मुलगी माझी एकटी पडेल. तिला सांभाळणारं एक तरी माणूस बाहेर हवं, आणि ते तुम्ही असावं असं मला वाटतं. माझं वय झालं. घ्या माझं नाव. पुरं घ्या, नवऱ्याच्या नावासकट."

निनाद कॅमेऱ्याकडे न पाहता, त्यांच्याकडेच पाहत म्हणाला, "खसखस मला मालिनी दत्तात्रय अमृतकर यांनी दिली. मी ती ओळखून खाल्ली."

डॉ. तांबोळी कुपी घेऊन आतल्या खोलीत गेल्या.

थेबाइन सापडलं, हे इथेच सांगून टाकायला हरकत नाही. उगाच कोणाचा जीव टांगणीला लावण्यात अर्थ नाही. अगदी पुसट सापडलं, पण सापडलं. निनाद सुटला. मालिनीबाईंना न्यायाधीशांनी समज दिली आणि वर्षभरासाठी निगराणीत घातलं. त्यांच्याही पाइपवर डबी बसली, आणि ती वाकडी बसवली म्हणून त्यांनी बसवणाऱ्याला दोनदा खोलायला लावली. पुढच्या सुनावणीत कलम बदला म्हणून त्या पुन्हा उठून बोलल्या. त्या वेळी टाळ्या जरा कमी पडल्या.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी, यंत्र आत घरघरत होतं आणि निकाल कोणालाच ठाऊक नव्हता, तेव्हा तिघं बाहेरच्या व्हरांड्यात थांबली होती. दाराशी एक शिपाई होता, निनाद त्याच्या शेजारी उभा होता. केतकी आईच्या कानाशी वाकली.

"आई, आणि नाही सापडलं तर?"

"नाही सापडलं तर यंत्राला सापडलं नाही," मालिनीबाई म्हणाल्या. "एवढंच."

मग त्यांनी बाकावर जरा सरकून जागा केली. "निनादराव, बसा इथे. उभे किती वेळ राहाल?"